डायलिसिसवरील रुग्ण आणि श्वसनमार्गाचे विषाणुजन्य आजार

डायलिसिस विभागाचा अहवाल म्हटला की यंत्रे किती, पाळ्या किती आणि सवलतीच्या दरात किती रुग्णांना सेवा दिली, याची कोष्टके वाचकांसमोर येतात. ती या अहवालात अन्यत्र दिलेली आहेतच. तथापि कोष्टकात न मावणारा एक विषय येथे मांडावयाचा आहे. निरोगी माणूस ज्या सर्दी-खोकल्याला चार दिवसांचे दुखणे मानतो, तेच दुखणे डायलिसिसवरील रुग्णाच्या जिवावर का बेतू शकते, हा तो विषय होय. प्रस्तुत लेखक वैद्यकीय शाखेचा नसून वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. विषयाची वैद्यकीय बाजू तज्ज्ञ डॉक्टरांकडून समजून घेऊन, विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे नातेवाईक यांना उमजेल अशा भाषेत ती येथे दिली आहे.

मूत्रपिंडाचा जमाखर्च

आपली दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील बहुतेक सर्व द्रव शरीरात परत घेतला जातो व साधारण दीड लिटर लघवीच्या रूपाने बाहेर पडतो. युरिया, क्रिएटिनिन, जादा पोटॅशियम, आम्ल आणि पाणी यांचा हिशेब अशा रीतीने दिवसरात्र, क्षणोक्षणी मिटत असतो. आठवड्याचे १६८ तास हे काम अखंड चालू असते.

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाचा हिशेब मात्र आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी चार तास, म्हणजे एकूण १२ तासांत उरकावा लागतो. या चार तासांत रुग्णाचे रक्त मिनिटाला २५० ते ३०० मिलिलिटर या वेगाने कृत्रिम गाळणीतून, म्हणजे डायलायझरमधून, फिरविले जाते. गाळणीच्या दुसऱ्या बाजूने मिनिटाला ५०० मिलिलिटर शुद्ध द्रव वाहत असतो. एका डायलिसिसला सुमारे १२० लिटर द्रव लागतो तो यामुळे. उरलेल्या १५६ तासांत शरीरात जे साचते ते साचतच राहते. खर्चाची बाजू बंद आणि जमेची बाजू चालू, अशी ही स्थिती असते. त्यातही शनिवारनंतर मंगळवार किंवा शुक्रवारनंतर सोमवार असा दोन दिवसांचा खंड सर्वांत धोक्याचा ठरतो. या मोठ्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यूंचे प्रमाण अधिक असते, असे अमेरिकेतील रुग्णांच्या मोठ्या अभ्यासातून २०११ साली दिसून आले. आपल्याकडे आर्थिक ओढगस्तीमुळे पुष्कळ रुग्ण आठवड्यातून दोनच डायलिसिस घेतात. त्यांचे खंड याहूनही लांब असतात.

निभावून नेण्यास जेमतेम पुरणाऱ्या या व्यवस्थेत विषाणूचा प्रवेश होतो, तेव्हा काय घडते ते पाहू.

दुबळी प्रतिकारशक्ती

रक्तात साचलेली दूषित द्रव्ये शरीराच्या संरक्षक पेशींनाही बाधा आणतात. पांढऱ्या पेशींची जंतू गिळण्याची क्षमता मंदावते आणि प्रतिपिंडे तयार होण्याचे प्रमाण घटते. अनेक रुग्णांना मधुमेह असतो, पथ्यामुळे व मंदावलेल्या भुकेमुळे शरीराचे पोषण खालावलेले असते. डायलिसिसवरील रुग्णांच्या मृत्यूंत हृदयविकारानंतर संसर्गाचा क्रमांक लागतो, त्याची कारणे येथे आहेत.

इन्फ्लुएन्झा, कोरोना, आर.एस.व्ही. यांसारखे विषाणू श्वसनमार्गाच्या आतील अस्तराला इजा करतात. त्या जखमी अस्तरावर पुढे जिवाणूंना आयता थारा मिळतो आणि साध्या सर्दीचे रूपांतर न्यूमोनियात होऊ शकते. अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने, फ्लूसदृश आजारांमुळे त्या देशातील कायमस्वरूपी मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांत दरवर्षी हजारावर अधिकचे मृत्यू होत असावेत, असा अंदाज मांडला आहे.

आणखी एक अडचण अशी की, या रुग्णांत आजाराची खूण पुष्कळदा स्पष्ट उमटत नाही. त्यांच्या शरीराचे तापमान मुळातच काहीसे कमी असू शकते, त्यामुळे संसर्ग होऊनही ताप फारसा चढत नाही. ‘ताप नाही, म्हणजे विशेष काही नाही’ हा घरगुती निष्कर्ष येथे लागू पडत नाही. अंग मोडून येणे, अन्नावरची वासना उडणे, नेहमीपेक्षा अधिक थकवा, किंचित धाप लागणे, एवढ्याच खुणा असू शकतात. याउलट डायलिसिस चालू असताना हुडहुडी भरून ताप आला, आणि विशेषतः रुग्णाला मानेत कॅथेटर असेल, तर तो फ्लू समजून घरी नेऊ नये. तो रक्तातील जंतुसंसर्ग असू शकतो व त्याची तपासणी तातडीने करावी लागते.

फुप्फुसांवर दुहेरी भार

लघवी होत नसल्याने शरीरात पाणी साचते आणि प्रमाणाबाहेर साचलेले पाणी फुप्फुसांत उतरते. रुग्णाला धाप लागते, आडवे झोपवत नाही. न्यूमोनियातही धापच लागते. छातीच्या एक्स-रेमध्ये दोन्हींचे पांढुरके डाग दिसतात आणि कित्येकदा दोन्ही कारणे एकत्रच असतात. जादा पाणी काढल्यावर धाप कमी झाली तर कारण बहुधा पाण्याचे, न झाल्यास संसर्गाचा संशय बळावतो. अशा तर्काने, नाका-घशातील स्रावाच्या तपासणीची जोड देऊन, डॉक्टरांना निर्णय घ्यावा लागतो.

दुसरा भार आम्लाचा. शरीरातील आम्लाचा समतोल राखण्याचे काम फुप्फुसे आणि मूत्रपिंडे असे दोन भागीदार मिळून करतात. एक भागीदार निवृत्त झाला की दुसऱ्यावर भार पडतो. मूत्रपिंडे थकलेला रुग्ण अधिक श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो व वाढलेले आम्ल काही अंशी सावरतो. न्यूमोनियाने फुप्फुसेही थकली की हा आधार सुटतो.

तिसरा भार रक्तक्षयाचा. रक्ताच्या निर्मितीला चालना देणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मुख्यतः मूत्रपिंडात तयार होते. म्हणून या रुग्णांचे हिमोग्लोबिन कमी असते व त्यासाठी इंजेक्शने द्यावी लागतात. संसर्गाच्या काळात या इंजेक्शनांचा परिणामही मंदावतो. फुप्फुसे प्राणवायू कमी घेत आहेत आणि तो वाहून नेणारे रक्तही कमी आहे, असा दुहेरी तोटा होतो.

शिवाय तापात शरीरातील स्नायूंची झीज होऊन युरिया व पोटॅशियम वेगाने वाढते. पोटॅशियमचे रक्तातील प्रमाण सामान्यतः लिटरमागे ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट असते. ते फार वाढल्यास हृदयाचे ठोके अनियमित होऊन ते बंदही पडू शकते. म्हणजे आजारपणात डायलिसिसची गरज वाढते, आणि नेमके याच वेळी ‘आज अंगात त्राण नाही, पुढच्या वेळी जाऊ’ असे रुग्णाला वाटते. दगावण्याचा धोका विषाणूइतकाच या चुकविलेल्या पाळीतून संभवतो.

‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला

सर्दी-तापात आपल्याकडे प्रेमाने काय केले जाते? आल्या-तुळशीचा काढा, गवती चहा, टोमॅटोचे सार, डाळीचे कढण, मोसंबीचा रस आणि भेटीस येणारा प्रत्येक जण आणतो ते शहाळे. निरोगी माणसाला यातून आराम मिळतो. डायलिसिसवरील रुग्णाच्या शरीरात मात्र हे सर्व पाणी अडकून पडते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हा त्याचा सरळ हिशेब. शहाळ्याच्या पाण्यात, फळांच्या रसात व टोमॅटोत पोटॅशियम भरपूर असते, तो धोका निराळाच. काढा घ्यावयाचाच तर डॉक्टरांना विचारून घ्यावा आणि त्याचे माप दिवसाच्या ठरलेल्या पाण्यातून वजा करावे. घसा सुकल्यास गुळण्या कराव्यात, वाफ सांभाळून घ्यावी. ‘लो-सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते, ते टाळावे. जुलाब-उलट्या होत असल्यास किंवा रुग्णाला अद्याप बऱ्यापैकी लघवी होत असल्यास पाण्याचे प्रमाण बदलते. ते डॉक्टरांनीच ठरवून द्यावे.

औषधांबाबतही हेच. दुकानातून विचारून आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्यांत आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक असते. त्यांनी मूत्रपिंडाचे उरलेसुरले कार्य घटते व पोटात रक्तस्राव होण्याची भीती वाढते. चोंदलेले नाक मोकळे करणाऱ्या काही औषधांनी रक्तदाब चढतो. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम पुष्कळ असते. फ्लूवर गुणकारी असलेले ऑसेल्टामिव्हिरदेखील डायलिसिसच्या रुग्णाला नेहमीच्या मात्रेत देत नाहीत. ते लघवीवाटे बाहेर पडणारे औषध असल्याने त्याची मात्रा कमी करून डायलिसिसच्या वेळेशी जुळवून द्यावी लागते. कोरोनावरील रेमडेसिव्हिर हे औषध अशा रुग्णांना देण्याबाबत २०२० मध्ये साशंकता होती. पुढे अभ्यास होऊन जुलै २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने डायलिसिसवरील रुग्णांतही त्याच्या वापरास मान्यता दिली. तात्पर्य, कोणतेही औषध देण्यापूर्वी ‘हा डायलिसिसचा रुग्ण आहे’ हे वाक्य प्रथम उच्चारले पाहिजे.

घरी थांबता न येणारा रुग्ण

साथीच्या काळात जगाला एकच उपदेश केला जातो : घरी थांबा. डायलिसिसच्या रुग्णाला तो पाळता येत नाही. त्याला आठवड्यातून तीनदा बस, रिक्षा वा लोकलने प्रवास करून, अनेक रुग्ण शेजारी-शेजारी असलेल्या बंदिस्त दालनात चार तास बसावेच लागते.

महाराष्ट्राने याचा अनुभव दोनदा घेतला. २००९ साली एच१एन१ या नव्या इन्फ्लुएन्झाची, म्हणजे त्या वेळच्या बोलीत स्वाइन फ्लूची, साथ आली. ३ ऑगस्ट २००९ रोजी या साथीतील देशातील पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला. पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे नमुने तपासणीसाठी जात होते, आणि तोंडाला रुमाल बांधून फिरणारे शहर तेव्हा प्रथम दिसले. तो विषाणू पुढे नेहमीच्या हंगामी फ्लूचाच एक भाग बनला.

दुसरा अनुभव २०२० चा. त्या वर्षी मार्च महिन्यात मुंबईची उपनगरी रेल्वे थांबली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. रस्ते ओस पडले, पण डायलिसिसच्या रुग्णांचा वार चुकणार नव्हता. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्ये कोरोनाबाधितांच्या डायलिसिसविषयी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. तथापि राज्यात आणि देशात अनेक ठिकाणी वाहन नाही, परवाना नाही, केंद्र बंद आहे किंवा चाचणीचा अहवाल आल्याशिवाय प्रवेश नाही, अशा कारणांनी रुग्णांच्या पाळ्या हुकल्या. त्या वर्षी युरोपातील मूत्रपिंड रुग्णांच्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासात, कोरोना झालेल्या डायलिसिसवरील रुग्णांपैकी सुमारे पाचातील एक जण चार आठवड्यांच्या आत त्या आजाराने दगावल्याचे आढळले. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. विषाणू मात्र संपलेला नाही, आणि डायलिसिसच्या दालनाची रचनाही बदललेली नाही.

विभागातील व्यवस्था

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हिपॅटायटिस-बी हा रक्तातून पसरणारा आजार असल्याने त्याच्या रुग्णांसाठी डायलिसिसचे स्वतंत्र यंत्र ठेवावे लागते. फ्लू वा कोरोना यंत्रातील रक्तमार्गाने पसरत नाही. तो पसरतो खोकल्यातील तुषारांतून, कोंडलेल्या हवेतून आणि हातांतून. म्हणून येथे महत्त्व आहे ते अंतराला, खेळत्या हवेला, मास्कला आणि स्वच्छतेला. खोकला असलेल्या रुग्णाला शक्यतो वेगळी खोली द्यावी. ती नसल्यास ओळीच्या टोकाची किंवा कोपऱ्यातील खाट, इतरांपासून किमान दोन मीटर अंतर आणि जमल्यास दिवसाची शेवटची पाळी द्यावी. प्रत्येक पाळीनंतर खाट, खुर्ची व यंत्राचा पृष्ठभाग जंतुनाशकाने पुसावा. बाधित माणूस लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच फ्लू पसरवू शकतो, म्हणून साथीच्या दिवसांत केवळ खोकणाऱ्याने नव्हे, तर दालनातील सर्वांनी मास्क वापरणे युक्त ठरते. आजारी परिचारिका वा तंत्रज्ञ कामावर येणार नाही, आणि न आल्याने त्याचा पगार बुडणार नाही, हेदेखील संसर्गनियंत्रणाचेच कलम आहे.

विश्वस्त मंडळांपुढे येथे एक प्रश्न हमखास उभा राहतो. तीन पाळ्यांत व आठवड्याचे सहा दिवस चालणारे एक यंत्र आठवड्याला १८ डायलिसिस करते, म्हणजे तीन वेळा येणाऱ्या सहा रुग्णांची सोय करते. ते वेगळ्या खोलीत संसर्गबाधितांसाठी राखून ठेवले तर वर्षातील काही महिने ते पुरेसे वापरले जात नाही. ताळेबंदाच्या भाषेत हे पडून राहिलेले भांडवल. प्रतीक्षायादीत रुग्ण ताटकळत असताना यंत्र मोकळे ठेवणे मनाला पटत नाही, आणि हा आक्षेप वाजवी आहे. परंतु एक खोकणारा रुग्ण भरलेल्या दालनात बसविल्यास त्याच पाळीतील अनेक रुग्ण व कर्मचारी आजारी पडू शकतात. त्यांना अधिक डायलिसिस लागते, खाटा अडतात, तंत्रज्ञ कमी पडतात आणि पाळ्या विस्कटतात. तो तोटा मोकळ्या यंत्राच्या तोट्याहून मोठा असतो. यास्तव साथीच्या महिन्यांत राखीव आणि एरवी नेहमीच्या रुग्णांसाठी खुले, असा मध्यम मार्ग विचारार्ह वाटतो.

लस

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू आपले रूप बदलत राहतो. महाराष्ट्रात फ्लूचा मुख्य जोर पावसाळ्यात असतो व हिवाळ्याच्या अखेरीस दुसरा, लहान जोर दिसतो. लसीचा परिणाम होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून पावसाळ्यापूर्वी, मे महिन्याच्या सुमारास ती टोचून घेणे सोयीचे. इंजेक्शनने दिली जाणारी ही लस निष्क्रिय विषाणूपासून बनविलेली असल्याने तिच्यामुळे फ्लू होत नाही. न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जिवाणूविरुद्धची लसही या रुग्णांसाठी महत्त्वाची आहे.

डायलिसिसवरील रुग्णांचे शरीर लसीला कमी प्रतिसाद देते, हे खरे. हिपॅटायटिस-बीची लस त्यांना दुप्पट मात्रेत देतात ती याच कारणाने. परंतु प्रतिसाद कमी म्हणून लस निरुपयोगी, असा अर्थ काढू नये. पूर्ण संरक्षण मिळाले नाही तरी आजाराची तीव्रता घटू शकते. त्याचबरोबर रुग्णाच्या घरातील माणसांनी आणि विभागातील कर्मचाऱ्यांनी लस घेतली तर रुग्णाभोवती एक कुंपण तयार होते. १ मार्च २०२१ रोजी ४५ ते ५९ वयोगटातील सहव्याधीग्रस्तांसाठी कोरोना लसीकरण खुले झाले, तेव्हा शासनाच्या यादीत डायलिसिसवरील रुग्णांचा समावेश होता. त्यांचा धोका शासनानेही ओळखला होता.

आजार ओसरल्यानंतर

एका बाबीकडे नातेवाइकांचे सहसा लक्ष जात नाही. शरीरात जादा पाणी नसतानाचे जे वजन, त्याला ‘ड्राय वेट’ म्हणतात व प्रत्येक डायलिसिसमध्ये किती पाणी काढावयाचे ते त्यावरून ठरते. आठ-पंधरा दिवसांच्या आजारपणात रुग्णाचे मांस झडते. समजा, दोन किलो मांस कमी झाले आणि ड्राय वेट मात्र जुनेच धरले, तर काट्यावर वजन ‘बरोबर’ दिसूनही शरीरात दोन लिटर पाणी शिल्लक राहते. फ्लूतून बरा झालेला रुग्ण पंधरवड्याने पुन्हा धाप लागून दाखल होतो, त्यामागे पुष्कळदा हे कारण असते. बेरीज जुळली, पण रकमा चुकल्या, असा हा प्रकार. म्हणून आजारानंतर ड्राय वेट नव्याने ठरवून घ्यावे.

तसेच आजारपणात रक्तदाब उतरल्यास हातावरील फिस्टुला गोठून बंद पडण्याचा संभव असतो. रोज सकाळी फिस्टुलावर बोटे ठेवून थरथर जाणवते का ते पाहावे. ती न जाणवल्यास त्वरित रुग्णालय गाठावे.

नातेवाइकांसाठी सूचना

१. सर्दी, खोकला वा धाप सुरू होताच विभागाला आधी दूरध्वनीने कळवावे. वेगळी सोय करण्यास वेळ मिळतो.
२. डायलिसिसची पाळी कोणत्याही कारणाने चुकवू नये. आजारपणात तर नाहीच.
३. रुग्णाला मास्क लावून आणावे. सोबत एकच माणूस असावा, आणि तो स्वतः आजारी नसावा.
४. वजन रोज सकाळी एकाच काट्यावर पाहून वहीत लिहावे. दिवसाचे पाणी मापाच्या भांड्यातून द्यावे.
५. ऑक्सिमीटरवरील प्राणवायूचे प्रमाण ९४ पेक्षा कमी दिसल्यास, रुग्णाला आडवे झोपवत नसल्यास, किंवा तो गुंगीत, असंबद्ध बोलत असल्यास पुढच्या वाराची वाट पाहू नये.
६. घरात कोणी आजारी असल्यास रुग्णाची खोली, भांडी व टॉवेल वेगळे करावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात.
७. पोटातील पिशव्यांचे डायलिसिस घरी करणाऱ्यांचा प्रवास व गर्दी टळते. परंतु पिशवी बदलताना मास्क लावणे व हात धुणे कटाक्षाने पाळावे.

देणगीदारांस विनंती

डायलिसिस यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लागते आणि ती लागणे योग्यच आहे. परंतु या लेखात आलेल्या गोष्टी पाहिल्यास लक्षात येईल की पुष्कळदा रुग्ण वाचतो तो पाटी न लागणाऱ्या वस्तूंनी : पावसाळ्यापूर्वी टोचलेली लस, वेगळ्या खोलीतील खाट, हवा खेळविणारा पंखा, आजारी रुग्णाला बसऐवजी आणणाऱ्या रिक्षाचे भाडे, तिसऱ्या डायलिसिसचा खर्च. फ्लूची लस बहुतेक रुग्णांना स्वतः विकत घ्यावी लागते. आधीच औषधांनी पिचलेल्या कुटुंबात ती ‘पुढच्या वर्षी पाहू’ या यादीत जाते, आणि पावसाळा काही पुढच्या वर्षापर्यंत थांबत नाही.

दात्यांनी आपल्या देणगीतील काही भाग अशा नैमित्तिक खर्चासाठी राखून ठेवावा, तसेच विश्वस्त मंडळाने येत्या अंदाजपत्रकात लसीकरण व विलगीकरण यांसाठी स्वतंत्र शीर्ष ठेवण्याचा विचार करावा, अशी नम्र विनंती आहे. रुग्णांच्या नातेवाइकांनी हा लेख कापून घरात, औषधांच्या डब्याजवळ ठेवल्यास तो लिहिण्याचे प्रयोजन सफल झाले असे वाटेल.

— प्रशासक